कडेकडेने कला

नणंदेने नवा फ्लॅट घेतला आणि घरच्या ग्रुपवर टाकलं, "हॉलच्या भिंतीला काहीतरी ॲबस्ट्रॅक्ट हवंय." वास्तुशांतीला तेच द्यावं म्हणून मी दुकानात जाऊन किमती पाहिल्या आणि परतताना रिक्षातच ठरवलं, की हे घरी करायचं. कागदाच्या पट्ट्या गुंडाळायच्या, फेविकॉलने उभ्या चिकटवायच्या, झालं क्विलिंग. त्यातून ॲबस्ट्रॅक्ट! मोर मोरासारखा का दिसत नाही, असं कुणी विचारणार नाही. इथे चुकायला जागाच नाही, अशी माझी समजूत होती.

तयार पट्ट्यांची पाकिटं मिळतात, पण त्यांचे रंग राखीपौर्णिमेचे. मला हवा होता आषाढातला निळा, कुठे दाटलेला, कुठे विरलेला. म्हणून 120 जीएसएमचे, म्हणजे नेहमीपेक्षा जरा जाड, कोरे कागद आणले आणि मुलाच्या शाईपेनाची दौत उचलली. दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये मुंबईत घोडाछाप शाईच्या पुड्यांपासून सुरुवात करून कॅम्लिन उभं केलं. त्यांनी शाई पुडीत ठेवली होती, हा त्यांच्यातला आणि माझ्यातला फरक.

ओला कागद तळणीतल्या पापडासारखा फुगला. पंखा लावला तर कागद उडे, बंद केला तर मी घामाने निथळे आणि तो घाम नेमका कागदावर पडे. (ते डाग फार सुंदर आले, हे नमूद करते.) शेवटी दोरीवर चिमटे लावून कागद वाळत घातले. खाली नवऱ्याचा पांढरा शर्ट होता. त्याविषयी आमच्यात अजूनही बोलणं होत नाही.

दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याने माझ्या डाव्या तर्जनीकडे पाहून विचारलं, "ताई, आज कसलं मतदान?" मतदानाची ती म्हैसूरची शाई 1962 पासून देशाच्या बोटांवर टिकून आहे. माझी शाईही बोटावर टिकली. कागदावर मात्र फेविकॉलचा थेंब लागताच पसरून मोकळी झाली. मग पाण्याने न हलणारी शाई आणली. पुन्हा कागद, पुन्हा पापड, पुन्हा दोरी. शर्ट या खेपेला आधीच आत नेण्यात आले होते.

कापणीचा हिशेब सोपा होता. ए-फोर कागदाची रुंदी 210 मिलिमीटर, पट्टी 5 मिलिमीटरची, म्हणजे एका कागदात 42 पट्ट्या. माझ्या 33 झाल्या. त्यातल्या काही एका टोकाला पाच आणि दुसऱ्या टोकाला आठ मिलिमीटर होत्या. शिवाय कागदाचे तंतू एका दिशेने धावतात, आणि त्यांच्या मनाविरुद्ध गुंडाळलं की पट्टी वळत नाही, मोडते, हे मला 33 पट्ट्या कापून झाल्यावर कळलं.

सासूबाई हे सगळं सोफ्यावरून बघत होत्या. त्यांनी उभ्या हयातीत लग्नांसाठी किलोकिलोने गव्हले, मालत्या, नखुल्या वळल्या आहेत. "बघू," म्हणाल्या. माझं फटीचं क्विलिंगचं हत्यार त्यांनी उलटसुलट पाहून खाली ठेवलं आणि डब्यातून दाभण काढला. दोन बोटांत पट्टी फिरली आणि टेबलावर एक गोल, घट्ट वेटोळं येऊन बसलं. माझ्या हत्याराने प्रत्येक वेटोळ्याच्या मध्यभागी एक मुरड पडत होती; त्यांच्या दाभणाने ती पडत नव्हती. "एवढंच ना?" त्यांनी विचारलं. या एका प्रश्नाने माझे तीन आठवडे गुंडाळले गेले.

तरी आम्ही दोघींनी मिळून बोर्ड भरला. लाटा, भोवरे, थेंब. रात्री अकरा वाजता मी तो भिंतीला टेकवून उभा केला, चार पावलं मागे गेले आणि समोरून पाहिलं.

पांढरा! सगळा पांढरा.

क्विलिंगमध्ये पट्टी कडेवर उभी राहते. समोरून दिसते ती फक्त कागदाची जाडी, आणि कागद आतून पांढराच असतो. माझा आषाढ, माझी विरलेली निळाई, माझा घाम, सगळं वेटोळ्यांच्या आत तोंड लपवून बसलं होतं. जुन्या काळी युरोपातल्या मठांतल्या नन्स पुस्तकांच्या सोनेरी कडा कापून त्या पट्ट्यांची नक्षी करत, असं सांगतात. पट्टी पिसाच्या देठावर गुंडाळायची, म्हणून नाव क्विलिंग. वाचताना मला वाटलं होतं, केवढी ही काटकसर! आता कळलं, की रंग कडेलाच लागतो, हे त्या बायांना ठाऊक होतं. पट्ट्यांची गड्डी चिमट्यात धरून कडेवरून शाईचा बोळा फिरवला असता, तर दहा मिनिटांचं काम होतं. पण ते चिकटवण्याआधी. परवा वास्तुशांत.

"छान आहे की," नवरा म्हणाला. "पांढऱ्यावर पांढरं. महागातलं वाटतं." शर्टानंतरचं हे त्याचं पहिलं चांगलं वाक्य.

नणंदेने हॉलच्या भिंतीवर मोठा टीव्ही लावला होता. आमची चौकट दारातल्या बोळवजा पॅसेजमध्ये, चपलांच्या रॅकवर गेली. मी मनातून खट्टू झाले. पण तो पॅसेज इतका चिंचोळा, की समोर उभं राहून बघायची सोयच नाही. आलेला प्रत्येक पाहुणा कडेने येई, सँडलचा पट्टा सोडायला वाके आणि मान तिरकी करी. एक काकू तशाच एका पायावर थबकल्या. "अगंबाई, काय सुंदर निळा आहे हा! आत आत गेलाय नुसता!"

मी पुढे होणार, तेवढ्यात सासूबाई माझ्या आधी पोचल्या. चष्मा वर सरकवला, चौकटीवर बोट ठेवलं आणि काकूंना म्हणाल्या, "ही घट्ट वळलेली माझी. ती सुटलेली हिची."