डबल मार्करचा आकडा आणि फिरता मेसेज

‘डबल मार्कर पॉझिटिव्ह म्हणजे लेकरू मंदबुद्धी. सुईनं पाणी काढू देऊ नका, गर्भ हमखास पडतो, शिवाय कायद्यानं बंदी आहे. मामाच्या पोरीशी लग्न केल्याचं हे फळ. सात दिवसांत मोकळं व्हा.’ लातूर-बीडकडच्या ग्रुपांवरून हा मेसेज माझ्याकडं तीनदा आला. मी लॅबमध्ये नमुने घेते. हा वाचून घाबरलेल्या बाया समोर बसतात, म्हणून लिहिते.

आधी ‘पॉझिटिव्ह’चं बघू. डबल मार्कर ही गरोदर बाईच्या रक्ताची तपासणी, ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान होते. आईच्या रक्तातले दोन घटक, तिचं वय, वजन आणि सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागची जाडी यांवरून ती बाळाला डाऊन सिंड्रोम (२१ वं गुणसूत्र जास्तीचं असल्यानं येणारा, बुद्धीची वाढ मंदावणारा जन्मजात दोष) असण्याची फक्त शक्यता मोजते. समजा रिपोर्टवर १:१८० आलं. बहुतेक ठिकाणी अडीचशेत एकाहून जास्त शक्यता ‘हाय रिस्क’ धरतात, म्हणून ते लाल अक्षरात छापून येतं. पण त्याचा अर्थ असा, की असाच आकडा आलेल्या १८० बाया, म्हणजे साधारण चार एसटी भरून, एकत्र केल्या तर त्यांतल्या एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल. बाकी १७९ जणींच्या बाळांना नसेल. उलट ‘लो रिस्क’ आलं तरी शंभर टक्के हमी नाही.

आकडा बिघडायला फार काही लागत नाही. ‘पोळ्याच्या आसपास पाळी आली होती’ एवढ्यावर तारीख लिहिली, की आठवडे चुकतात आणि हिशोबही चुकतो. म्हणून बाळाची लांबी सोनोग्राफीत मोजून आठवडे ठरवतात. जुळं किंवा मधुमेह असेल तर तेही आधी सांगावं लागतं.

मग पुढं काय? एनआयपीटी ही आईच्याच रक्ताची तपासणी, दहाव्या आठवड्यानंतर होते. डाऊनच्या शंभरातल्या नव्याण्णव केसेस ती पकडते, पण त्यातला डीएनए थेट बाळाचा नसून वारेतून आलेला असतो. त्यात तरुण आयांच्या बाळांत डाऊन मुळातच कमी, म्हणून तरुण आईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर तो खोटाही निघू शकतो. नक्की सांगते ती गर्भजल तपासणी. १५ आठवड्यांनंतर, सोनोग्राफीत बघत, बारीक सुईनं थोडं पाणी घेतात. अनुभवी हातात यामुळं गर्भपात होण्याचा धोका हजारात पाचाहून कमी आहे. धोका नाही असं नाही, पण ‘हमखास’ हा शब्द कुठून आला?

बंदीचं म्हणाल तर १९९४ च्या कायद्यानं बंदी घातली ती लिंग शोधण्यावर आणि सांगण्यावर. गुणसूत्रांतला दोष शोधायला, नोंदणी असलेल्या केंद्रात, लेखी संमतीनं, याच कायद्यात परवानगी आहे. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या, त्यामुळं आपल्याकडं ही भीती समजू शकते.

मामाच्या पोरीचं तर सोडूनच द्या. जवळपास ९५ टक्के वेळा २१ वं गुणसूत्र पेशी विभागताना जास्तीचं येतं, नात्याचा संबंध नाही. नात्यातल्या लग्नानं थॅलेसेमियासारख्या (रक्ताचा आनुवंशिक आजार) आजारांची शक्यता वाढते, ती गोष्ट वेगळी. डाऊनची शक्यता आईच्या वयानं वाढते: चाळिशीत साधारण शंभरात एक, पंचविशीत हजारात एकाहूनही कमी. तरी अशी बहुतेक बाळं पस्तिशीच्या आतल्या आयांनाच होतात, कारण बाळंतपणंच त्या वयात जास्त.

राहिले सात दिवस. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ठरावीक कारणांसाठी २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो आणि गर्भात मोठा दोष असेल तर त्यापुढंही वैद्यकीय मंडळाकडं जाता येतं. गर्भजलाचा पूर्ण रिपोर्ट दोन-तीन आठवड्यांत येतो. तो हातात आल्यावर बाळ ठेवायचं की नाही, हे ती बाई डॉक्टरशी बोलून ठरवेल. ग्रुपवर कुणी विचारायची गरज नाही.