दहावी आली की ग्राउंड बंद? का म्हणून?

जून उजाडला की दहावीच्या पोरांवर पहिली कुऱ्हाड पडते ती खेळाची. "यंदा ग्राउंड बंद. एका वर्षाचा तर प्रश्न आहे." घरचे म्हणतात, क्लासवाले म्हणतात, मागच्या वर्षी ट्रॉफीसोबत फोटोत उभे राहिलेले शिक्षकही म्हणतात. एका वर्षाचा प्रश्न नसतो हो! शालेय स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे, आणि वय धरतात ३१ डिसेंबरचं. २००९ साली जन्मलेलं पोर २०२५-२६ मध्ये दहावीला असेल, तर १७ खालच्या गटातलं त्याचं ते शेवटचं वर्ष. ते घालवलं की पुढच्या वर्षी थेट १९ च्या गटात, बारावीच्या थोराड पोरांसमोर उभं राहायचं, तेही वर्षभर मैदानाचं तोंड न बघता. दम तर दोन-तीन आठवड्यांतच उतरायला लागतो. अकरावीत परत आलेलं पोर पहिल्याच आठवड्यात जुन्या वेगानं पळायला जातं आणि नडगी धरून बसतं, कारण हाडांची आणि स्नायूंची तो मार सोसायची सवय गेलेली असते. मग परत घरचेच, "तरी सांगत होतो, खेळ सोड."

आणि ज्यांनी खेळ सोडला नाही त्यांचे हाल वेगळेच. तालुका आणि जिल्ह्याचे सामने पावसाळ्यात. मैदानात चिखल झाला की पुढे ढकला, आणखी पुढे ढकला, आणि नेमके सहामाहीच्या आठवड्यात आणून आदळा. राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा हिवाळ्यात, म्हणजे प्रिलिम, जर्नल आणि प्रॅक्टिकलच्या तोंडावर. २०२५ मध्ये राज्य बोर्डाची बारावीची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली, दहावीची २१ ला, आणि बारावीची प्रॅक्टिकल जानेवारीअखेरीसच लागली होती. बोर्ड आपल्या तारखा कित्येक महिने आधी जाहीर करतं. मग त्या समोर ठेवून स्पर्धांचं वेळापत्रक लावायला कुणी हात धरलाय?

जिल्हा पातळीवर तर ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी खेळणार ते, आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर येतो. "उद्या सकाळी ९ ला रिपोर्टिंग." मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा एंट्री फॉर्म, जन्मदाखला, आधार, फोटो, सगळं त्या रात्री गोळा करायचं. शाळेच्या जनरल रजिस्टरमधल्या आणि आधारवरच्या नावात एका अक्षराचा फरक निघाला तर पोर टेबलापाशीच अडकतं. बरं, ९ ला पोचून सामना कधी? दुपारी ३ ला. खो-खोचा सामना जेमतेम पाऊण तासाचा, त्यासाठी अख्खा दिवस उन्हात बसायचं. पाण्याची सोय नाही, जेवणाचा पत्ता नाही, पोटात एक वडापाव, आणि त्यावर पाठलाग करायचा. पेटके येणार नाहीत तर काय होणार? सकाळचं सत्र आणि दुपारचं सत्र असे दोन भाग पाडून संघांना वेगवेगळ्या वेळा द्या, निम्म्या पोरांचे निम्मे तास वाचतील. एवढं साधं काम वर्षानुवर्षं होत नाही.

अकरावी-बारावी सायन्सला क्लासवाले मानगुटीवर. संध्याकाळी साडेपाचला ग्राउंड, आणि नेमकी तीच लेक्चरची वेळ. रविवारी तीन तासांची टेस्ट, आणि सामनेही रविवारीच. टेस्ट चुकली की शून्य, शून्य पडलं की बॅच खालची. राज्य स्पर्धेला प्रवास धरून चार-पाच दिवस गेले की तेवढ्यात फिजिक्सचा रोटेशनल डायनॅमिक्सचा अख्खा धडा उरकलेला असतो. तो परत कोणी शिकवत नाही. लॅबमधले राहिलेले प्रयोग करून घ्यायला सरांच्या मागे फिरा, कारण जर्नलवर सही नसेल तर प्रॅक्टिकलला बसताना अडवतात. या वयाच्या पोराला ८ ते १० तास झोप लागते. संध्याकाळ जमत नाही म्हणून पहाटेचं ग्राउंड धरलं, तर दिवसभर कॉलेज, रात्री क्लास, यात सहा तास मिळाले तरी नशीब. अर्धवट झोपेवर पाठ केलेलं टिकत नाही आणि दुखापतही लवकर होते, म्हणजे दोन्हीकडून मार त्याच पोराला.

"मग काय, मार्क मिळतात ना तुम्हाला फुकटचे!" हे वाक्य ऐकलं की डोकं सणकतं. क्रीडा सवलतीचे गुण जास्तीत जास्त २५, तेही कुठल्या पातळीपर्यंत खेळलात त्यावर. शाळेनं प्रस्ताव वेळेत पाठवायचा, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी तपासायचा, मग बोर्ड देणार. ऑफिसात कागद राहिला की वर्षभराचा घाम वाया. आणि मिळाले तरी ते फक्त बोर्डाच्या निकालात. इंजिनिअरिंगला बारावीचे ग्रुपचे, म्हणजे फिजिक्स, मॅथ्स आणि तिसऱ्या विषयाचे मिळून, टक्के खुल्या गटाला ४५ आणि राखीवला ४० असले की पुरतात. सीट ठरते ती सीईटी किंवा जेईई या प्रवेश परीक्षांच्या पर्सेंटाइलवर. तिथे आणि मेडिकलच्या नीट परीक्षेच्या ७२० गुणांमध्ये खेळाडूला अर्धा गुणही मिळत नाही. फुकट काय मिळालं सांगा!

कोच लोकांनाही सोडणार नाही. "रोज दोन तास आलास तरच टीममध्ये." बारावीच्या पोराला हा कसला नियम? दम आणि ताकद टिकवायला आठवड्यातून तीन दिवस, एक-एक तास पुरतो. अट एकच, वेग आणि जोर कमी करायचा नाही. फेऱ्या कमी करा, सेट कमी करा, पण स्प्रिंट पूर्ण वेगानं मारून घ्या. हे कोचला माहीत नसेल तर त्यानं शिकावं. एकीकडे कोचचं "रोज ये", दुसरीकडे आईवडिलांचं "अजिबात जाऊ नको". या दोघांनी जून महिन्यात समोरासमोर बसून आठवड्याचे तीन तास ठरवावेत ना! सगळी ओढाताण सोळा वर्षांच्या पोरानं एकट्यानं का सोसायची?

आणि कोणी मला "नियमात बसत नाही" सांगू नका. राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय स्पर्धेला गेलेल्या खेळाडूची बोर्डाची परीक्षा वेगळ्या तारखेला घ्यायची सोय सीबीएसई या केंद्राच्या बोर्डात आहे. बोर्डाची परीक्षा हलू शकते, तर क्लासची रविवारची टेस्ट सोमवारी संध्याकाळी घ्यायला काय धाड भरलीय?