चौथ्या दिवशी मी गेलो नाही : गुरुजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

गुरुजी, सविनय जय भीम.

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या वाडीच्या विहारात ग्रंथवाचनाआधी वीस मिनिटं आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवायचं ध्यान, सुरू केलं, त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चांगलंच खडसावलंत. ध्यान हा भरल्या पोटाचा उद्योग आहे, लेणी म्हणजे जगापासून पळायच्या जागा, डोळे मिटून बसायला बाबासाहेबांनी धम्म दिला नाही. आणि शेवटी जिव्हारी लागलं ते वाक्य : "चिपळूण बुडालं तेव्हा श्वास मोजत बसला होतात का?"

शेवटाकडूनच सुरू करतो. नाही, बसलो नव्हतो. २२ जुलै २०२१ ला मला ध्यानातलं ओ की ठो कळत नव्हतं. पाणी ओसरलं तसे आम्ही वाडीतले सातजण फावडी-घमेली घेऊन बाजारपेठेत उतरलो. पहिले दोन दिवस कसे गेले समजलं नाही. तिसऱ्या दिवशी एका शिंपीकाकांच्या दुकानातला गाळ काढत होतो. गणपतीसाठी शिवायला आलेल्या कपड्यांची गाठोडी, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी टाचलेली आणि चिठ्ठ्यांवरची शाई पार धुऊन गेलेली. काका एक चिंधी टाकू देईनात. "लोकांचा हाय तो माल, माझा नाय." अर्धा तास समजावलं आणि मग मी त्यांच्यावर ओरडलो. सत्तरीच्या माणसावर, त्याच्याच दुकानात. चौथ्या दिवशी अंगात कणकण आहे सांगून घरी राहिलो. ताप नव्हता. तो वास आणि ते चेहरे नको झाले होते.

करुणा माझ्याकडेही होती, गुरुजी. ती तीन दिवस पुरली.

पुढे कधीतरी बुद्धघोषाच्या विशुद्धिमार्गातला एक भाग वाचनात आला. पाचव्या शतकात श्रीलंकेत लिहिलेला ग्रंथ. (आपल्या बाजूला अभिमानाची गोष्ट अशी की, त्याच्या संपादनावर गोव्यातल्या साखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी मेहनत घेतलेली आहे.) मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखातला आनंद), उपेक्षा (दुर्लक्ष नव्हे, मनाचा समतोल) या चौघींचे त्यात दोन-दोन शत्रू दिलेत, एक लांबचा आणि एक जवळचा. करुणेचा लांबचा शत्रू हिंसा. तो लांबूनच ओळखू येतो. जवळचा शत्रू दौर्मनस्य, म्हणजे मनाची खिन्नता. तो शेजाऱ्यासारखा येऊन पडवीत बसतो आणि आपल्याला वाटतं, हा घरचाच. तोवर माझी समजूत अशी की, जितकं जास्त वाईट वाटेल तितकी करुणा मोठी.

आता बसतो तेव्हा काय होतं? पाच मिनिटांत पायाला मुंग्या येतात, डास चावतो, समोरच्या घरातला टीव्ही कानात घुसतो आणि राग येतो. फरक इतकाच की तो येताना दिसतो. शिंपीकाकांच्या दुकानात तो तोंडातून बाहेर पडल्यावर कळला होता. आणि करुणाभावना, म्हणजे ध्यानात करुणा वाढवायची तर सुरुवात हालात पडलेल्या, दीनवाण्या माणसापासून करावी, असं तोच ग्रंथ सांगतो. डोळे मिटले तरी समोर माणूस असतोच.

आता बाबासाहेब. बुद्धाला भिक्खू परिपूर्ण माणूस म्हणून हवा होता की समाजसेवक म्हणून, हा प्रश्न त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेतच विचारला आहे, हे तुमचं बरोबर. पण त्याच ग्रंथात गौतम चाळीस दिवस पुरेल एवढं अन्न जमवून बसतो आणि चार आठवड्यांच्या ध्यानानंतर त्याला संबोधी, म्हणजे ज्ञानप्राप्ती, मिळते, हेही त्यांनीच लिहिलंय. (भरल्या पोटाचा तुमचा मुद्दा इथे उलट बळकट होतो. शिध्याची सोय गौतमानेही आधी पाहिली!) त्याला घर सोडायला लावतो तो शाक्य आणि कोलियांमधला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा. चवदार तळ्याच्या मुलखातल्या माणसाला त्याचा अर्थ मी काय सांगणार?

लेण्यांचं म्हणाल तर रायगड जिल्ह्यातल्या मांदाडजवळच्या कुड्याला एकदा जाऊन या. राजपुरी खाडीच्या बाजूला २६ लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत दान देणारा माळी आहे, वैद्य आहे. रोग्यांत उठबस असलेल्या माणसाला भिक्खूंसाठी लेणं कोरून द्यावंसं वाटलं. तो कशापासून पळत होता असं मला तरी वाटत नाही.

माझी एक चूक मात्र कबूल. 'ध्यान हाच धम्माचा गाभा' असं मी ठोकून दिलं होतं. अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती आणि सम्यक समाधी ही शेवटची दोन अंगं. करुणेशी जोडलेली अविहिंसा, म्हणजे कोणाला इजा न करणं, येते ती दुसऱ्याच अंगात, सम्यक संकल्पात. ते वाक्य काल लेखातून काढलं.

आणि तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा तुम्ही दिलाच नाहीत, तो मीच देतो. विनयपिटकातल्या (भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातल्या) महावग्गात एक भिक्खू अतिसाराने आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेला. जवळ कोणी नाही. हा आमच्या काही उपयोगी पडत नाही, असं बाकीच्यांचं म्हणणं. बुद्धाने पाणी ओतलं, त्याचा शिष्य आनंद याने अंग धुतलं, एकाने डोक्याकडून आणि एकाने पायांकडून धरून त्याला उचलून खाटेवर निजवलं. मग सगळ्यांना गोळा करून सांगितलं : तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही, तुम्ही एकमेकांचं केलं नाहीत तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. बाकीचे भिक्खूही ध्यान करणारेच असणार ना?

लेख लिहिला तेव्हा ही गोष्ट मला आठवायला हवी होती. तुमची प्रतिक्रिया आल्यावर गेल्या रविवारी ती विहारात वाचली. वाडीत एक आजी आठ महिने अंथरुणावर आहेत, सूनबाई एकटी करते. आळीपाळीने जायचं का, असं विचारून वही फिरवली. ध्यानाला आम्ही अकराजण असतो. नावं चार आली. हा आकडा तुमच्या बाजूने धरा.

दसऱ्यानंतर पुन्हा वही फिरवीन, तेव्हा किती झाली ते इथेच कळवतो.