सेक्रेटरी काकांमधला विठ्ठल

ज्ञानोबांची पालखी पुण्यात मुक्कामाला असते, तेव्हा माझ्याइतकी भाविक बाई शोधून सापडायची नाही. भवानी पेठेत जाते, अनोळखी वारकऱ्याच्या पाया पडते, तोही वाकून माझ्या पाया पडतो. दोघंही एकमेकांना ‘माउली’ म्हणतो. जिकडे तिकडे देव! मग पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते आणि मी जिना चढून घरी येते. जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी काका भेटतात.

घाट सोपा असणार.

काका ओला कचरा काठीने ढवळून बघतात. एकदा दारात दुधाची रिकामी पिशवी धरून उभे! “वहिनी, ही तुमचीच. कोपरा कापायची तुमची पद्धत ओळखतो मी.” ग्रुपवर लिहितात, ‘कोणाचं नाव घेत नाही, पण बी विंग, दुसरा मजला, डावीकडचं दार.’

मी चिडले की सासूबाई ज्ञानेश्वरीचा दहावा अध्याय काढतात. ‘जें जें भेटे भूत, तें तें मानिजे भगवंत.’ वर एकनाथांची गोष्ट. पैठणला नाथ गोदावरीत स्नान करून आले की एक जण अंगावर थुंकायचा, नाथ पुन्हा स्नानाला. असं 108 वेळा.

“आई, नाथांना गोदावरी होती. आपल्याला सकाळी तासभर पाणी, आणि त्याचा व्हॉल्व्ह काकांच्या हातात!”

तरी प्रयत्न केला. बघता बघता साम्य पटायला लागलं. गेटपाशी तसेच कमरेवर हात. अर्ज द्या, गाऱ्हाणं घाला, चेहऱ्यावरची रेष हलत नाही. फरक एवढाच, की विठोबा पुंडलिकाने थांबवला म्हणून थांबला. काकांना कुणी थांबवलेलं नाही. निवडणुकीत त्यांच्यासमोर कुणी उभंच राहत नाही, मीसुद्धा नाही. कोण टँकरवाल्याशी भांडणार?

गेल्या उन्हाळ्यात मध्यरात्री पंप बंद पडला. आम्ही सगळे गॅलरीतून “काय झालं हो?” विचारत होतो, खाली टाकीशी बनियनवर, तोंडात टॉर्च धरून, एकटे काका. पंप घरघरला तेव्हा मला खरंच भरून आलं. वरूनच हात जोडले, “माउली!”

“माउली राहू द्या, बादल्या भरा. आणि आजींना सांगा, गच्चीत पापड घालायचे तर आधी लेखी अर्ज.”

सासूबाई मागेच उभ्या होत्या.

“मेल्याला मध्यरात्रीसुद्धा माझे पापडच दिसतात!”

मी दहावा अध्याय काढायला गेले, तर त्यांनी ज्ञानेश्वरी कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली होती.