सॉफ्टवेअरवर खापर नको

हर्शी या अमेरिकी चॉकलेट कंपनीचा 1999 चा ईआरपी प्रकल्प (खरेदी, साठा, विक्री, हिशेब सगळं एकाच संगणक प्रणालीत आणण्याचा) सॉफ्टवेअरमुळे फसला, असं ईआरपीवरच्या लेखात म्हटलंय; ते पटत नाही. चार वर्षांचं काम अडीच वर्षांत उरकायला घेतलं, एसएपी कंपनीच्या ईआरपीसोबत आणखी दोन कंपन्यांची सॉफ्टवेअर एकदम जोडली आणि ऐन हॅलोविनच्या (ऑक्टोबरअखेरचा, चॉकलेटं खपण्याचा सण) ऑर्डरींच्या तोंडावर, जुलैत, सगळं सुरू केलं. माल गोदामात होता, तरी जवळपास 10 कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेवर गेल्या नाहीत.

आपल्याकडच्या कारखान्यांत गाडी अडते ती बहुतेकदा आयटम मास्टरवर, म्हणजे सिस्टीममधल्या प्रत्येक मालाच्या मूळ नोंदीवर. स्टीलचा बार किलोवर खरेदी होतो आणि स्टोअरमधून नगावर सुटतो. 25 मिमीचा गोल बार मीटरला साधारण 3.85 किलो, म्हणजे 6 मीटरचा नग 23 किलो. तिथे चुकून 20 मिमीचा 2.47 हा आकडा पडला, की दर नगामागे 8 किलो माल फक्त सिस्टीममध्ये शिल्लक राहतो. एमआरपी (किती माल लागेल याचा हिशेब करणारा सिस्टीमचा भाग) त्या भरवशावर खरेदी सुचवत नाही आणि एक दिवस लाइन थांबते. मग सगळे म्हणतात, सिस्टीम चुकीची!

म्हणून गो-लाइव्हआधी, म्हणजे नवी सिस्टीम प्रत्यक्ष सुरू करण्याआधी, किमान दोनदा पूर्ण रंगीत तालीम घ्याच: प्रत्यक्ष स्टॉक मोजणी, अर्धवट पीओ (खरेदीच्या ऑर्डरी), माल आला पण बिल आलं नाही असे जीआरएन (माल मिळाल्याच्या नोंदी), सगळं चढवून जुन्या हिशेबाशी ताळा जुळवायचा. आणि एंट्री स्टोअरकीपरनेच करायची, सल्लागाराच्या पोरांनी नव्हे. सुरू करायला मार्चअखेर आणि दिवाळी मात्र टाळा.