आजीला पुन्हा पाण्यात उतरवायचं का?

माझी आई ८१ वर्षांची आहे. बाप्तिस्मा झाला तेव्हा ती तीन महिन्यांची होती. अहमदनगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये, कपाळावर पाणी शिंपडून. गेली चार वर्षं माझा भाचा एका नव्या फेलोशिपला, म्हणजे एका नव्या ख्रिस्ती मंडळीला जातो. तिथल्या पाळकांनी त्याला शिकवलंय की बाळाच्या कपाळावर शिंपडलेलं पाणी म्हणजे बाप्तिस्मा नव्हे. कळत्या वयात स्वतः विश्वास कबूल करून पाण्यात बुडून घेतात तोच खरा. त्याने तो घेतला. आता त्याला आजीची काळजी लागलीय. "आजी गेली तर कुठे जाईल, मावशी?" असं त्याने फोनवर विचारलं, तेव्हा त्याचा आवाज खरोखर कापत होता. म्हणून मला लगेच रागावता आलं नाही. रागावले नंतर.

घरात यावरून उभी फूट पडलीय. बहीण म्हणते, करून टाकू, पोराच्या मनाला शांती मिळेल. तिच्या नवऱ्याचं म्हणणं, असं केलं तर आपल्या आजी-पणजीपासूनचा विश्वास खोटा होता असं आपणच लिहून दिल्यासारखं होईल. आमचे पाळकसाहेब नाराज आहेत, पण बोलत नाहीत. आईला विचारलं तर ती म्हणाली, "अगं, मला गार पाणी सोसत नाही."

मी राहते जर्मनीत, आउग्सबुर्गला. या शहरात राहून बाप्तिस्म्यावरचं भांडण ऐकताना मधूनच हसू येतं, आणि मग हसण्याची लाज वाटते. १५३० साली धर्मसुधारक मार्टिन लुथरच्या बाजूच्या लोकांनी सम्राटासमोर आपला विश्वासाचा जाहीरनामा वाचला तो इथेच. पुढे १५८३-८४ मध्ये पोपने दुरुस्त केलेलं कॅलेंडर शहरात लागू झालं, तेव्हा प्रॉटेस्टंट लोकांनी दंगा केला. दहा दिवस गाळायचे होते, ते पोपच्या सांगण्यावरून का गाळायचे, एवढ्यावरून. तीस वर्षांचं युद्ध १६४८ मध्ये संपलं आणि त्या तहात ठरलं की या शहरातली पदं कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा दोन्ही पंथांत सारखी वाटायची. १६५० पासून इथे ८ ऑगस्टला शांतीचा सण असतो. तो दिवस फक्त या एका शहरात सुट्टीचा. जुन्या शहराच्या दक्षिण टोकाला संत उलरिकच्या नावाचं भलंमोठं कॅथलिक चर्च आहे, आणि त्याच्या पुढ्यात, जवळजवळ त्याच्या मांडीवर बसल्यासारखं, त्याच संताच्या नावाचं छोटं प्रॉटेस्टंट चर्च. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं एकाच इमारतीची दोन दारं आहेत.

इथे आल्यावर राहण्याची नोंदणी करावी लागते. त्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो, कारण चर्चचा कर सरकार पगारातून कापून चर्चला देतं. बव्हेरियात आयकराच्या ८ टक्के. खिडकीमागच्या बाईंनी विचारलं, "कॅथलिक की इव्हँजेलिश?" (इथे प्रॉटेस्टंटांना इव्हँजेलिश म्हणतात.) मी म्हटलं, "चर्च ऑफ नॉर्थ इंडिया." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मग मी सांगायला लागले. मुळात काँग्रिगेशनल, पुढे प्रेस्बिटेरियन लोकांबरोबर एक झालो, नंतर अँग्लिकन, बाप्टिस्ट... माझ्या मागे रांग वाढत होती. त्यांनी शांतपणे विचारलं, "पोप आहे का?" म्हटलं, नाही. त्यांनी दोन अक्षरं टाइप केली: 'ev'. दर महिन्याच्या पगारपत्रकावर ती असतात. नगरचे सगळे वाद, मिशनऱ्यांची शंभर-दीडशे वर्षांची पत्रं, आमच्या आजोबांनी कमिटीत घातलेले घोळ, सगळं त्या दोन अक्षरांत मावतं.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आमचं 'आपलं' काय होतं. मिशनऱ्यांनी आपसात भांडण नको म्हणून मुलूख बऱ्यापैकी वाटून घेतला होता. नगरला अमेरिकन काँग्रिगेशनल, कोल्हापूरकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन, जालन्याला स्कॉटिश, नाशिकला चर्च मिशनरी सोसायटीचे अँग्लिकन. वसईचे कॅथलिक तर पोर्तुगीजांच्या काळापासूनचे. माझे पणजोबा दोन तालुके पलीकडे जन्मले असते तर आमच्या घरी बिशपच्या हातून दृढीकरण, म्हणजे विश्वास पक्का करण्याचा विधी, झालं असतं आणि आम्ही त्याच ठामपणे सांगितलं असतं की हेच बायबलला धरून आहे. कोणत्या बोटीतून कोण उतरला आणि त्याला कोणता जिल्हा मिळाला, यावर आमचं ईश्वरविज्ञान ठरलं. भाच्याचं आज ज्यावर ठरलंय तेही फार वेगळं नाही. कॉलेजच्या होस्टेलात त्याच्या खोलीत कोण राहायला आलं, यावर ठरलं.

बरं, हा प्रश्न आपल्याकडे नवा आहे असंही नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात बाळांना बाप्तिस्मा देणारे होते आणि बाळांना न देणारे बाप्टिस्ट, ब्रेदरेनही होते. अमेरिकेकडून आलेले मेथडिस्ट शेवटच्या घटकेला मागे फिरले, पण बाकीच्यांनी दोन्ही पद्धती मान्य केल्या. आईचं लग्न त्याच्या आसपासच झालं. तिला नागपूरच्या त्या बैठकीबद्दल काही ठाऊक नाही. चर्चच्या पाटीवरचं नाव बदललं, एवढंच तिला आठवतं, आणि रंगाऱ्याने अक्षरं वाकडी काढली होती हेही.

आता एक गंमत सांगते. माझ्या चुलतभावाचं लग्न वसईच्या कॅथलिक मुलीशी ठरलं. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना धास्ती होती की ते लोक त्याला पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला लावणार. फादरांनी त्याचा दाखला मागितला, वाचला: पाण्याने, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. "झालं की," म्हणाले, "बाप्तिस्मा दोनदा होत नसतो." मिश्र विवाहासाठी बिशपची परवानगी लागली, फॉर्म भरले, दोन महिने गेले, पण त्याच्या बाप्तिस्म्याला कुणी बोट लावलं नाही. ज्या रजिस्टरातून तो दाखला निघाला त्याच कपाटातल्या जुन्या रजिस्टरात आईचं नाव आहे. म्हणजे ज्या चर्चपासून आमचे पूर्वज पाचशे वर्षांपूर्वी फुटले, ते आईचा बाप्तिस्मा मानतं. तिचा सख्खा नातू मानत नाही.

हे मी भाच्याला सुनावलं. तो म्हणाला, "मावशी, रोमन चर्च काय मानतं याचा मला काय उपयोग?" वाद तिथे थांबला असता, आणि माझी सरशी झाली असं मीही मानलं असतं. पण त्याच आठवड्यात मी आउग्सबुर्गच्या त्या १५३० च्या जाहीरनाम्याचं नववं कलम वाचलं. कलम बाप्तिस्म्यावर आहे. त्यात बाळांचा बाप्तिस्मा नाकारणाऱ्यांचा सरळ धिक्कार केलाय. आणि तो नुसता कागदावर राहिला नाही. त्याच्या आदल्याच वर्षी साम्राज्यात दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेणाऱ्याला देहदंडाचा कायदा झाला होता. झुरिकमध्ये १५२७ च्या जानेवारीत फेलिक्स मान्झला नदीत बुडवून मारलं. पाण्याचा आग्रह धरणाऱ्याला पाण्यातच, असा तो विनोद असावा. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट एकमेकांचे गळे धरत असताना या एका बाबतीत मात्र दोघांचं एकमत होतं. लुथरन मंडळ्यांच्या जागतिक संघाने त्या लोकांच्या वारसांची, मेनोनाइटांची, जाहीर माफी मागितली ती २०१० साली, श्टुटगार्टला. पावणेपाचशे वर्षांहून जास्त गेली मध्ये.

म्हणजे माझा भाचा ज्यांच्या बाजूला उभा आहे त्यांना माझ्या बाजूच्यांनी मारलं होतं. त्याला हे माहीत नाही, आणि मीही फोन करून सांगितलं नाही. पण त्यानंतर त्याच्याशी बोलताना 'खुळ्यासारखं काय करतोस' हे वाक्य तोंडून निघेना.

इथल्या लोकांना हे सगळं सांगितलं की ते चकित होतात. माझी शेजारीण जन्माने कॅथलिक, नवरा प्रॉटेस्टंट. दोघांच्यात फरक काय, असं विचारलं तर तिने खांदे उडवले आणि म्हणाली, त्याच्याकडे गाणी बरी असतात. ३१ ऑक्टोबर १९९९ ला याच शहरात, संत आन्नाच्या चर्चमध्ये, कॅथलिक आणि लुथरन प्रतिनिधींनी तारण कृपेने मिळतं यावर संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. लुथर १५१८ मध्ये चौकशीसाठी आला तेव्हा उतरला होता त्याच मठाचं हे चर्च. ज्या प्रश्नावरून युरोप फाटला तो मिटवताना घराघरांत कुणी वर्तमानपत्रातून मान वर केली असेल असं वाटत नाही. भाच्याची गोष्ट ऐकून शेजारीण म्हणाली, "हे तर मध्ययुगातलं झालं!" आणि मला तिचा राग आला. त्या पोराला निदान असं वाटतं की पाण्याने काहीतरी होतं.

इथली शांतता किती समजुतीतून आली आणि किती रिकाम्या बाकांतून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. २०२२ मध्ये एकाच वर्षात पाच लाखांहून जास्त कॅथलिकांनी चर्चमधून नाव काढलं. आमच्या रविवारच्या उपासनेला वीसएक माणसं असतात, त्यातली पंधरा माझ्या आईच्या वयाची. भांडायलाही माणसं लागतात.

शिवाय दोष न काढण्याची सवय फार गोड असते, आणि तिच्या आडून काय काय चालतं ते इथे पाहिलंय. धर्मगुरू आणि पाळक यांच्याकडून झालेल्या लैंगिक अत्याचारांवरचे मोठे अहवाल कॅथलिक चर्चचा २०१८ मध्ये आणि प्रॉटेस्टंट चर्चचा २०२४ मध्ये आला. कित्येक दशकं लोकांना माहीत होतं आणि लोक गप्प होते. 'तुमचे दोष काढण्यात येऊ नयेत म्हणून तुम्ही कोणाचे दोष काढू नका' हे वचन तेव्हाही भिंतींवर होतंच.

आमच्या मराठी बायबलने त्याच अध्यायात कुसळ आणि मुसळ हे शब्द घातलेत. कधी चर्चची पायरी न चढलेला मराठी माणूसही ते बोलतो. पण त्यात डोळ्यातलं कुसळ काढूच नका असं म्हटलेलं नाही. आधी आपलं मुसळ काढा, म्हणजे स्पष्ट दिसेल आणि मग भावाचं काढता येईल, असं आहे. बायबलमधल्या पत्रांत प्रेषित पौलाचंही तसंच. रोमकरांस तो विचारतो, दुसऱ्याच्या चाकराला दोष लावणारा तू कोण? ते खाण्यापिण्यावरून आणि सणवारांवरून. करिंथकरांना मात्र तोच खडसावतो की तुमच्यात उघड पाप चाललंय आणि तुम्ही न्याय कसा करत नाही. पद्धतीवरून गप्प बसा आणि वागण्यावरून बोला, असा मी त्याचा अर्थ लावते. आपण बरोबर उलटं करतो.

गावाकडचीच गोष्ट घ्या. मंडळीचं नाव सांगत नाही. तिथे बाप्तिस्मा शिंपडून की बुडवून यावर दोन रविवार वाद झाला, पार खुर्च्या सरकेपर्यंत. त्याच मंडळीच्या जागेवरून वर्षानुवर्षं कोर्टात तारखा पडताहेत, त्यावर उपासनेनंतर कुणी चकार शब्द काढत नाही. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीतल्या एका ज्येष्ठांनी मुलीचं लग्न मोडलं, कारण मुलगा ख्रिस्ती होता, पण 'आपल्यातला' नव्हता. म्हणजे काय ते महाराष्ट्रातल्या कोणत्याही ख्रिस्ती माणसाला समजावून सांगावं लागत नाही. "मंडळी कोणती?" हा प्रश्न आपल्याकडे पुष्कळदा पंथाबद्दल नसतोच. त्या ज्येष्ठांना पुढच्या रविवारी प्रभुभोजनाची प्याली मिळाली. कुणी हात आखडला नाही. आणि माझ्या आईचं तारण मात्र पाणी कपाळावर होतं की गळ्यापर्यंत यावर अडलंय.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि नंतर तिथल्या अँग्लिकन सिस्टर त्यांच्या मतांवरून हैराण झाल्या. रमाबाईंनी त्यांना कळवलं होतं की एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता तसंच दुसरं मानेवर घेणार नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशन सोडून देवाचा दरबार काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. आपल्याच मातीत हे सगळं असताना मी आउग्सबुर्गची उदाहरणं देत बसलेय. परदेशात राहणाऱ्यांची ही खोड असते, चालवून घ्या. टिळकांची गाणी भाच्याच्या फेलोशिपमध्येही म्हणतात, ड्रम्सवर. आईला ती चाल अजिबात आवडत नाही, आणि पंथांच्या फरकाबद्दल तिचं एवढंच एक ठाम मत आहे.

परवा तिला फोन केला. विचारलं, काय ठरलं? म्हणाली, "काही नाही ठरलं. या रविवारी ताईला बरं नव्हतं, म्हणून त्यानेच मला चर्चला सोडलं."

"आत आला?"

"नाही आला. पण प्रभुभोजन होईपर्यंत दाराशी स्कूटर लावून थांबला होता. उन्हात."

"काही बोलला?"

"बोलला ना. म्हणतो, आजी, पाणी कोमट करून देतो."