शीग भरून

श्रद्धा रविवारच्या मिस्सापेक्षा (चर्चमधल्या उपासनेपेक्षा) सोमवारच्या व्यवहारात कसाला लागते, हे श्रद्धेवरच्या तुमच्या लेखातलं म्हणणं पटलं. पण हा विचार आजकालचा आहे असा जो सूर लागलाय, तो खटकला. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात ख्रिस्ती मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यातल्या 31व्या प्रकरणात कोठार सांभाळणाऱ्याला बजावलंय की मठाची भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जप. कुणी मागायला आलं आणि द्यायला काही नसेल, तर निदान गोड शब्द दे. 53व्यात तर येणारा प्रत्येक पाहुणा ख्रिस्त समजायला सांगितलंय.

वसईच्या माझ्या आजीने बेनेडिक्टचं नावही ऐकलं नसेल. ती भाजी विकायची. तराजूचा काटा बरोबर आला की वर आणखी एखादं वांगं टाकायची आणि बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातलं 'शीग भरून' (म्हणजे माप भरून वर रास येईल इतकं) पुटपुटायची. गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारी हिशेब करतेय. (उधारी मागताना मात्र आवाज असा चढायचा की विचारू नका!)

मी बँकेत काउंटरवर बसतो. पासबुक पुढे करून तेच तेच विचारणारे आजोबा आले की 53वं प्रकरण आठवतं, पण बहुतेक वेळा ते निघून गेल्यावर.